वीपी मॅडमची बढती

ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हे लिहायला बसलो, तो प्रश्न आधी स्वच्छ मांडतो. शाळेतले उपमुख्याध्यापकाचे पद ही मुख्याध्यापकपदाकडे जाणारी पायरी आहे, की ते स्वतःच एक पूर्ण काम आहे? जो माणूस उपमुख्याध्यापक म्हणूनच निवृत्त होतो, तो वाटेत अडकला असे म्हणावे, की मुक्कामाला पोचला असे म्हणावे?

शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. शिक्षक होतो, मग वर्गशिक्षक, मग परीक्षाप्रमुख, मग पर्यवेक्षक, मग उपमुख्याध्यापक, आणि देव पावला तर मुख्याध्यापक. या मालिकेत शेवटच्या घराआधी थांबलेल्या माणसाकडे लोक, गाडी सुटून फलाटावर राहून गेलेल्या प्रवाशाकडे पाहावे तसे पाहतात. मीही पाहत असे. तो समज ज्यांच्यामुळे गेला त्या बाई हैदराबादेत, अंबरपेठेतल्या आमच्या शाळेत उपमुख्याध्यापिका होत्या. त्यांचे नाव मी लिहीत नाही. शाळेतही ते फारसे कोणी घेत नसे. मुले, पालक, बसचे चालक, समोरचा झेरॉक्सवाला, सगळे त्यांना व्हाइस प्रिन्सिपलच्या ‘वीपी’वरून ‘वीपी मॅडम’ म्हणत.

मी पुण्याचा. पत्नीची नोकरी संगणकाच्या एका कंपनीत लागली म्हणून आम्ही इथे आलो, आणि मी या शाळेत गणित शिकवू लागलो. शाळा एका जुन्या मराठी संस्थेची, माध्यम इंग्रजी, मुले तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशा सगळ्या घरांतली. पहिल्या दिवशी मी वीपी मॅडमना भेटायला त्यांच्या खोलीत गेलो, तर खोलीत नकाशांच्या गुंडाळ्या, फुटबॉलची जाळी आणि स्नेहसंमेलनातला एक पुठ्ठ्याचा राजवाडा होता. बसायला जागा नव्हती.

“मॅडम कहाँ बैठते?” मी शिपायाला विचारले.

“बैठते कहाँ साब, खडे रहते. वो देखो, जिने पे.”

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना जिथे वळतो, त्या चौकोनी जागेत त्या उभ्या होत्या. अंगावर इस्त्रीची सिल्कची साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, पीटीच्या मुलांचे असतात तसे. हा पोशाख मी पुढे वर्षानुवर्षे पाहिला. तो कधी बदलला नाही. हातात घड्याळ नसे. तास संपत आला हे त्या वर्गांच्या आवाजावरून सांगत. “सातवी अ आता दप्तरं भरते आहे,” त्या म्हणायच्या, आणि घंटा व्हायची.

“पुणेकर का?” त्यांनी विचारले.

“हो. पण आपल्याला कसं...”

“हातातली फाइल छातीशी धरलीय तुम्ही. आमच्याकडचा माणूस काखेत मारतो.”

त्यांचे ‘आमच्याकडचे’ म्हणजे नांदेडकडचे. वडील तिकडून रेल्वेत कामाला आले आणि तारनाक्याजवळच्या क्वार्टर्समध्ये संसार झाला. मॅडमच्या मराठीत त्यामुळे मराठवाडा, दखनी आणि तेलुगू एकाच भांड्यात शिजलेले असत. ‘नको’साठी ‘नक्को’ आणि ‘हो’साठी ‘हौ’ हे शब्द त्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोरही बिनदिक्कत वापरीत.

त्यांच्या पद्धती विक्षिप्त वाटत. चुकलेले किंवा रडणारे मूल समोर आणले की पहिला हुकूम एकच: “पहिले पानी पी. फिर झूठ बोल.” मूल पाणी पिई, आणि बहुधा खरेच बोले. पाणी पिताना खोटे विसरते, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्याला शास्त्रीय आधार काय, हे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही पुण्याचे लोक तहान लागली तरी आधी पाण्याची व्याख्या करता.” मुलाला रागावताना त्या त्याचे नाव कधीही घेत नसत. नाव फक्त शाबासकी देताना. त्यामुळे जिन्यावरून एखाद्याच्या नावाने हाक आली, की ते मूल आपण काय चांगले केले असेल ते आठवत पायऱ्या चढायचे.

पालकांसाठीही त्यांची कचेरी तीच. एकदा एक गृहस्थ मुलाची तुकडी बदलून घ्यायला आले. तेही आमच्या पुण्याचेच, माधापूरच्या एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मॅडमनी नकार दिल्यावर त्यांनी विचारले, “तुमच्याकडे एस्कलेशनची काय प्रोसेस आहे?”

“एस्कलेशन म्हणजे वर जायचं ना? हा घ्या जिना. वर प्रिन्सिपल सर आहेत. ते तुम्हाला चहा देतील, सगळं ऐकून घेतील, आणि म्हणतील, वीपी मॅडमना भेटा. म्हणजे पुन्हा इथंच. चहा हवा असला तर जाऊन या.”

गृहस्थ हसले आणि गेले. मुलगा त्याच तुकडीत राहिला.

उपमुख्याध्यापकाच्या कामातला सर्वांत नावडता भाग म्हणजे बदली तास. रोज कोणी ना कोणी शिक्षक रजेवर असतो; त्याच्या वर्गावर दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे लागते, आणि ज्याचा मोकळा तास जातो तो तोंड पाडून बसतो. ही वाटणी मॅडम सकाळी प्रार्थनेच्या वेळी तोंडी करीत आणि तिच्यासोबत एक नियम सांगत, ज्याची आम्ही सगळे चेष्टा करायचो. बदली तासाला रिकाम्या हाताने जायचे. तपासायच्या वह्या नाहीत, स्वतःची बॅग नाही, पुस्तक नाही. फक्त खडू. दारातच त्या हातांकडे पाहत. “सर, ही पिशवी कुणाच्या सोबतीला चाललीय?” असे विचारून त्यांनी माझ्याकडूनही एकदा वह्यांचा गठ्ठा काढून घेतला होता. कारण विचारले तर म्हणत, “हातात काम असलं की समोरचं पोरगं दिसत नाही.” एवढेच.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. संस्थेने मॅडमना ती जागा याआधीही देऊ केली होती आणि त्यांनी हसून टाळली होती. या वेळी संस्थेचे चिटणीस स्वतः आले. काचीगुड्याचे वयस्कर, सज्जन गृहस्थ. बोलणे शुद्ध, मतलब स्पष्ट. बाहेरचा माणूस मिळेपर्यंत मॅडमनी कार्यवाहक म्हणून बसावे, जमले तर कायम व्हावे. आणि उपमुख्याध्यापकाची जागा तोवर रिकामी ठेवावी, पुढे तिची गरज आहे का ते पाहू. म्हणजे मॅडम वर गेल्या आणि तिथे टिकल्या, तर त्यांचे जिन्यावरचे काम शाळेतूनच जाणार होते.

त्या नाही म्हणतील अशी मला खात्री होती. त्या हो म्हणाल्या. का, ते मला त्यांच्या घरी कळले. मी अभिनंदनाला तारनाक्याला गेलो होतो. त्यांच्या आई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या.

“आपल्यात पहिली हेडमास्तरीण,” त्या मला म्हणाल्या. “हिचे वडील आयुष्यभर साहेबापुढं उभे राहिले. अन् ही शिकून सवरून बी जिन्यात उभी. मी म्हणलं, बाई, एकदा तरी खुर्चीवर बस. मला बघू दे.”

मॅडम स्वयंपाकघराच्या दारात होत्या. “बसते म्हटलं ना, आई,” त्या म्हणाल्या. त्या स्वरात आनंद किती आणि आज्ञापालन किती, याचा हिशेब मला लागला नाही. पण हे माझ्या ध्यानात आले, की ही खुर्ची त्या स्वतःसाठी घेत नव्हत्या आणि त्यामुळे ती सोडणेही त्यांना सोपे जाणार नव्हते.

त्या खुर्चीवर बसल्या. मुख्याध्यापकांच्या खोलीला काचेचे दार, दाराबाहेर शिपाई, शिपायाजवळ चिठ्ठी. जिन्याच्या वळणावर कोणीतरी मनीप्लँटची कुंडी आणून ठेवली. मॅडम सवयीने वर्गांवर फेरी मारायला निघत, पण आता त्या दारात दिसल्या की सगळा वर्ग खाडकन उभा राहायचा: “गुड मॉर्निंग, प्रिन्सिपल मॅडम!” त्या थोडा वेळ उभ्या राहत आणि परतत. एकदा मला म्हणाल्या, “सर, वीपी आली की पोरं खाली बसायची, उगाच शहाण्यासारखी. आता उभी राहतात. उभं राहिलेलं पोरगं मला काय सांगणार?”

बदली तासांची वाटणी आता कार्यालयातला संगणक करू लागला. ती अचूक असे. फक्त दारात उभे राहून हातांकडे पाहणारे कोणी नव्हते.

दहावीची प्री-फायनल परीक्षा जवळ आली होती. बोर्डाआधीची ही शाळेची शेवटची परीक्षा. विज्ञानाचे शिक्षक तरुण, वरंगळकडचे, नोकरीत नवे आणि अजून कायम न झालेले. एके दिवशी संगणकाने त्यांना दहावी ‘ब’च्या बदली तासाला पाठवले. ते बॅग घेऊनच गेले. वर्ग गोंगाट करू लागला, तेव्हा त्यांनी बॅगेतून सरावाचा म्हणून एक कागद काढला आणि प्रश्न तोंडी विचारायला सुरुवात केली. मुले उत्तरे देऊ लागली. मध्येच सर थांबले, कागदाकडे पाहिले, त्यांचा चेहरा उतरला. “चलो, छोडो, ये इम्पॉर्टंट नै है,” म्हणत त्यांनी कागद परत कोंबला. मुले हसली आणि विसरली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने मात्र कागदाच्या वरच्या बाजूला छापलेले ‘प्री-फायनल’ हे शब्द वाचले होते. सरावाच्या कागदाऐवजी परीक्षेचाच कागद हाती आला होता.

हे सगळे मला नंतर कळले. त्या वेळी मला एवढेच दिसले, की ही मुलगी मधल्या सुट्टीत जिन्याच्या वळणावर, कुंडीजवळ, उगाच उभी असते. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती.

“क्या होना बेटा?” मी विचारले.

“कुछ नै सर.”

“कुछ नै तो क्लास में जाओ.”

ती गेली, आणि मी खाली उतरून वर पाहिले तर पुन्हा तिथेच. तेव्हा मी तिला थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत घेऊन गेलो. मॅडमनी तिला पाहताच पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो हातात धरला, प्यायली नाही.

“बोल बेटा.”

“मॅडम, एक बात बोलनी है. पर प्रिन्सिपल मॅडम को नै बोलनी. वीपी मॅडम को बोलनी है.”

“अगं, वीपी मॅडम म्हणजे मीच ना,” त्या मराठीत म्हणाल्या, मग सावरून, “मैंच तो हूँ.”

“थे मॅडम,” ती खाली मान घालून म्हणाली. “अब नै हैं.”

मग मुलगी घाईने म्हणाली, “आप को बोली तो सर की नौकरी जाती. नै बोली तो मेरे कू पेपर...” आणि तिथेच थांबली.

“बस!” मॅडम जवळजवळ ओरडल्या. “एक शब्द पुढं नक्को. थांब.”

मला वाटले त्या रागावल्या. त्यांनी फोन उचलला आणि चिटणीसांना लावला. त्या फोनचा आवाज नेहमीच मोठा येई, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

“सर, मी कार्यवाहक पद सोडतेय.”

“कधीपासून?”

“हा फोन ठेवायच्या आधीपासून.”

“मॅडम, आपल्याला बरं वाटत नाही का?”

“लई बरं वाटतंय.”

“अहो, राजीनामा असा फोनवर देतात का? लेखी लागतो.”

“लेखी संध्याकाळी देते. आत्ता पोरगी उभी आहे.”

“मग या क्षणी शाळेचा मुख्याध्यापक कोण?”

“तुम्ही, सर. दुसरा माणूस पाठवेपर्यंत तुम्हीच. उद्या सकाळी प्रार्थनेला या. आणि वीपीची जागा रिकामी ठेवलीत ती मी परत घेतलीय. तेवढं सभेत मंजूर करून टाका.”

त्यांनी फोन ठेवला, मुलीचा हात धरला, दार उघडले, आणि साडी सावरत जिन्याच्या वळणावर जाऊन चक्क पायरीवर बसल्या. मुलीला शेजारी बसवले. कुंडी मी बाजूला केली.

“हं. पहिले पानी पी.”

मुलगी पाणी प्यायली आणि तिने सगळे सांगितले.

येथे वाचकाच्या मनात एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ही लपवालपवी नव्हे काय? मीही तो त्याच दिवशी घेतला. मॅडमचे उत्तर असे. मुख्याध्यापकाच्या कानावर पडलेली गोष्ट ‘प्रकरण’ होते. तिचा कागद होतो, कागदाची चौकशी होते, आणि मग ती कुणाला परत घेता येत नाही. ते आवश्यकच आहे, काही गोष्टी तिथेच गेल्या पाहिजेत. “कुणी पोराला हात लावला, कुणी पेपर विकला, तर मीच ओढत नेईन वर,” त्या म्हणाल्या. “पण जी चूक अजून दुरुस्त होऊ शकते, तिला जायला एक जागा पाहिजे का नक्को? ती जागाच आपण कुंडी ठेवून बंद केली होती.”

दुरुस्ती त्याच दुपारी झाली. प्रत्येक परीक्षेसाठी प्रश्नपत्रिकेचे दोन संच तयार असतात. विज्ञानाचा दुसरा संच छापायला गेला. तरुण सरांना मॅडमनी नकाशांच्या खोलीत, त्या पुठ्ठ्याच्या राजवाड्यापुढे उभे केले. “तप्पु अयिंदि, मॅडम,” ते म्हणाले. चूक झाली. आपण हे कुणाला सांगावे, या विचाराने त्यांचीही झोप उडाली होती. काचेच्या दारापर्यंत येऊन ते परत गेले होते.

“तुम्ही पण पाणी प्या,” मॅडम म्हणाल्या. “आणि बदली तासाला हात कसे न्यायचे?”

“रिकामे, मॅडम.”

“हौ.”

चिटणीस दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मॅडमनी त्यांना स्वच्छ सांगितले, की एका तुकडीला प्रश्न ऐकू गेले होते, चूक शाळेची होती, संच बदलला आहे, मुलांचे नुकसान झालेले नाही. नाव त्यांनी विचारले. मॅडम म्हणाल्या, “नाव विचारायचं असलं तर चौकशी नेमा, मी चौकशीत सांगेन. नुसतं विचारत असाल तर चहा घ्या.” चिटणीसांनी थोडा विचार केला आणि चहा घेतला. नवा माणूस येईपर्यंत ते त्या खुर्चीवर बसले. आलेला प्रत्येक पालक आणि प्रत्येक शिक्षक ते ऐकून घेत आणि म्हणत, “हे वीपी मॅडमशी बोला.” उपमुख्याध्यापकाची जागा रद्द करण्याचा विषय पुढच्या सभेत निघाला नाही.

विज्ञानाच्या पेपरनंतर ती मुलगी बाहेर आली तेव्हा मी पर्यवेक्षणावर होतो. “कैसा गया?” मी विचारले. “कठिन था सर,” ती म्हणाली, आणि इतकी मोकळी हसली, की कठीण पेपरबद्दल असे हसू मी त्याआधी पाहिले नव्हते.

राहिल्या मॅडमच्या आई. हे सांगणे बाकी होते आणि मॅडमना त्याचीच खरी धास्ती होती. खुर्ची सोडली त्या संध्याकाळीच त्यांनी मला सोबत तारनाक्याला नेले. “पुणेकर असले की आई ओरडत नाही,” असे कारण दिले. त्यांनी दारातच सांगून टाकले.

“आई, खुर्ची सोडली.”

आईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. “बसली होतीस ना?”

“बसले होते.”

“कशी होती?”

“फिरती होती. सगळीकडं फिरते, पण जागेवरून हलत नाही.”

“अन् सोडायला लावली कुणी?”

“कुणी नाही. मी सोडली. एक पोरगी आली होती, तिला माझ्याशी बोलायचं होतं.”

म्हातारीने लेकीकडे नीट पाहिले. मग म्हणाली, “तुझ्या बापाला सोडता येत नव्हतं. उभं राहणं बी नाही, काहीच नाही.” आणि माझ्याकडे वळून, “बसा की सर. हिला उभं राहू द्या, तिला आवडतं.”

मॅडम भिंतीला टेकल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या खरोखरच उभ्याच राहिल्या. मी जिन्यावर त्यांना इतकी वर्षे पाहिले, पण खांदे इतके सैल सोडून उभ्या राहिलेल्या त्या मला त्याच दिवशी दिसल्या.

पुढे त्या उपमुख्याध्यापिका म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात एका वक्त्याने त्या ‘सर्वोच्च पदापर्यंत पोचू शकल्या नाहीत’ याची खंत व्यक्त केली. मॅडम व्यासपीठावरून हळूच मला म्हणाल्या, “याला पाणी द्या कुणीतरी.” त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आले. तरुण सहकारी मला विचारतात, “सर, प्रिन्सिपल कधी?” त्या प्रश्नाने आता मला काही होत नाही, आणि याचा मला मनापासून दिलासा वाटतो.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: शाळेत निर्णय जिथे होतो ती जागा लागतेच, पण निर्णय व्हायच्या आधी मूल जिथे येऊन बोलू शकते अशीही एक जागा लागते, आणि ती सांभाळणे हे पूर्ण आयुष्याचे काम आहे. जो तिथे थांबला तो अडकला नाही.

परंतु हे उत्तर एका शाळेवरून आणि एका बाईंवरून काढले आहे. गणिताचा शिक्षक या नात्याने मला ठाऊक आहे, की एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. म्हणून विनंती एवढीच. आपल्या घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याला विचारा: तुझ्या हातून किंवा तुझ्या डोळ्यांसमोर काही चुकले, तर शाळेत आधी कुणाकडे जाशील? त्याने जे नाव घेतले, त्या माणसाचे शाळेतले काम काय आहे ते पाहा. आणि त्याला नाव सांगता आले नाही, तर एकदा शाळेत जाऊन तसा माणूस तिथे आहे का, याची खात्री करून घ्या. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आपण स्वतः तपासून पाहा.